पिसोरी खाडीत उतरते

या पुस्तकातला प्राणी जगात कुठेही नाही. आजपासून तीस लाख वर्षांनी दाभोळच्या खाडीत, तिवरांच्या झाडीत, भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळत जगणारं एक खूरवालं जनावर मी कल्पनेने उभं केलं आहे आणि त्याला खारपिसोरी असं नाव दिलं आहे. त्याचे पूर्वज मात्र आज जिवंत आहेत. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पश्चिम कडेला, कोयना अभयारण्यात आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानात पिसोरी राहते. पुस्तकाची सुरुवात तिच्यापासून होते, म्हणून प्रस्तावनेचीही तिथूनच केलेली बरी.

पिसोरीचं वजन तीनेक किलो, उंची जेमतेम फूटभर. शिंगं नसतात. नराच्या वरच्या जबड्यातून दोन बारीक सुळे खाली आलेले असतात. तपकिरी अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या आणि पट्ट्यांच्या ओळी असतात, त्यामुळे पाचोळ्यात ती उभी असली तरी नजर तिच्यावरून घसरते. रात्री एकटी फिरते, गळलेली फळं आणि कोवळा पाला खाते, चाहूल लागली की जागच्या जागी थिजते. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं तेव्हा ही दोन्ही जंगलं त्यात आली. तेव्हापासून तिथल्या वाघाच्या, बिबट्याच्या, गव्याच्या बातम्या छापून येतात. पिसोरीची बातमी होत नाही. मला तिच्याविषयी लिहावंसं वाटलं ते तिच्या एका सवयीमुळे, आणि ही सवय फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

श्रीलंकेत आणि बोर्निओत पिसोरीच्या जातभाईंना अभ्यासकांनी पाण्यात बुडी मारताना पाहिलं आहे. श्रीलंकेत मुंगूस मागे लागलं होतं. पिसोरी सरळ तळ्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. बोर्निओतल्या पिसोरीने माणसांना चुकवण्यासाठी बुडी मारली. ती काही मिनिटं खाली राहायची, नाक वर काढून श्वास घ्यायची आणि पुन्हा खाली जायची. २०१० साली या नोंदी एकत्र प्रसिद्ध झाल्या. आफ्रिकेतली पाणपिसोरी तर यासाठी प्रसिद्धच आहे: गरुड वरून आला की ती ओढ्यात उडी घेते आणि तळाशी पाय टाकत चालत पलीकडे निघते. दोन खंडांवरच्या नातलगांमध्ये एकच सवय आढळते, तेव्हा ती बरीच जुनी असणार, असा अंदाज बांधता येतो.

या सवयीचं महत्त्व कळायला जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटला जावं लागतं. ए. रंगा राव नावाच्या भूवैज्ञानिकाने राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोटच्या खडकांतून काही दात आणि जबड्याचे तुकडे गोळा केले होते. १९७१ साली त्यांनी त्या प्राण्याला इंडोहायस हे नाव दिलं. गोळा केलेले पुष्कळसे दगड तसेच पडून राहिले. राव गेले, आणि त्यांच्या पत्नीने ते दगड हान्स थेविसन या अमेरिकेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञाच्या हवाली केले. प्रयोगशाळेत कवटी साफ करताना मदतनिसाच्या हातून कानाजवळचं हाड तुटलं आणि त्या तुटीतून दिसलं की मधल्या कानाच्या कवचाची आतली भिंत विलक्षण जाड आहे. अशी भिंत तोवर फक्त देवमाशांच्या कुळात माहीत होती. थेविसन, सुनील बाजपेयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली हे जगापुढे ठेवलं: सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी कालाकोटच्या ओढ्यांत मांजराएवढं, खूरवालं, दिसायला थेट पिसोरीसारखं एक जनावर होतं आणि ते देवमाशांच्या पूर्वजांचं अगदी जवळचं नातलग होतं. त्याच्या पायांची हाडं जाड आणि भरीव होती, म्हणजे पाण्यात तळाशी राहायला उपयोगी. दातांच्या इनॅमलमधला ऑक्सिजन तपासला तर दिवसाचा बराच वेळ पाण्यात जात असल्याचं दिसलं. त्याच दातांतला कार्बन मात्र सांगत होता की खाणं जमिनीवरचं आहे.

चरायला काठावर आणि जीव वाचवायला पाण्यात! देवमासा व्हायच्या वाटेवरचं हे पहिलं पाऊल आजची पिसोरीही टाकते. पिसोरी देवमाशाची पूर्वज नाही, हे लगेच सांगून ठेवतो. आज जिवंत असलेल्यांत देवमाशाचा सगळ्यात जवळचा नातलग पाणघोडा आहे. पण एकदा जी वाट चालली गेली तिच्या तोंडाशी आज कोणी उभं असेल, तर पुढे काय होईल ते कल्पून पाहायला आधार मिळतो. मी तेवढाच आधार घेतला आहे.

कल्पित प्राणी रचणं हा पोरखेळ आहे असं म्हणणाऱ्यांना मी डार्विनचं उदाहरण देईन. १८५९ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने उत्तर अमेरिकेतल्या काळ्या अस्वलाची हकिगत दिली. सॅम्युअल हर्न या प्रवाशाने ते अस्वल तासन्‌तास तोंड उघडं ठेवून पोहताना आणि पाण्यावरचे किडे गिळताना पाहिलं होतं. अशा अस्वलांची पिढ्यान्‌पिढ्या निवड होत गेली, तर तोंड मोठं होत होत शेवटी देवमाशासारखा प्राणी तयार होणं मला अशक्य वाटत नाही, असं डार्विनने लिहिलं. लोकांनी इतकी थट्टा केली की पुढच्या आवृत्तीत त्याने तो भाग छाटला. अस्वल चुकलं होतं, विचार बरोबर होता. पुढे १९८१ साली डूगल डिक्सन या स्कॉटिश लेखकाने ‘आफ्टर मॅन’ या पुस्तकात माणूस नाहीसा झाल्यानंतरचे प्राणी रंगवले. त्यात पेंग्विनचे वंशज देवमाशाएवढे होऊन समुद्रात राहतात. तेव्हापासून अशा कल्पित प्राण्यांचा एक वेगळा साहित्यप्रकारच झाला. मराठीत तो फारसा नाही, आणि आपल्या मातीतला प्राणी घेऊन तर नाहीच. ही उणीव मला फार दिवस टोचत होती.

अशा लिखाणात एक धोका असतो. लेखक प्राण्याला हवं ते देऊन टाकतो: पोहायला पडदे, श्वास धरायला मोठी फुप्फुसं, अंधारात दिसायला डोळे. प्राण्याला गरज पडली आणि अवयव उगवला. निसर्गात असं होत नाही. एका पिढीत जन्मलेल्या पिल्लांमध्ये थोडा थोडा फरक असतो, त्यातली काही जगतात आणि त्यांचा फरक पुढे जातो. प्रत्येक फायद्याबरोबर काहीतरी हातचं जातं. म्हणून मी स्वतःला नियम घालून घेतला की खारपिसोरीला एकही असा अवयव द्यायचा नाही जो कुठल्यातरी खऱ्या प्राण्याने आधी कमावलेला नाही, आणि तो देताना त्या खऱ्या प्राण्याने काय गमावलं तेही तिच्याकडून वसूल करायचं.

ते खरे प्राणी पाहायला मला लांब जावं लागलं नाही. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप, आमणापूर, ब्राह्मणाळ असा कृष्णेचा जो पट्टा सांगली जिल्ह्यात आहे, तो मगरींचा पट्टा आहे. थंडीच्या दिवसांत ऊन वर आलं की त्या काठावर येतात. आधी संथ पाण्यावर नाकपुड्यांचा एक उंचवटा दिसतो, त्याच्या हातभर मागे डोळ्यांचे दोन. बाकीचं सगळं धूड पाण्याखाली असतं. नाक, डोळे आणि कान एकाच पातळीत, कवटीच्या अगदी माथ्यावर. त्यामुळे अंगाचा विसावा भागही बाहेर न काढता तिला श्वास घेता येतो, पाहता येतं, ऐकता येतं. बुडी मारताना नाकपुड्या झाकतात, कानावर पातळ पडदा पडतो, डोळ्यावरून तिसरी पारदर्शक पापणी सरकते. घशाशी एक झडप असते, म्हणून पाण्याखाली जबडा उघडला तरी पाणी श्वासनळीत जात नाही. खवल्यांवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके असतात आणि पाण्यातली बारीकशी हालचालही त्यांना जाणवते.

मग ती काठावर चढते, आणि पाहणाऱ्याचा समज बदलतो. पाल सरपटते तशी मगर सरपटेल असं वाटत असतं. पण चढावर ती चारही पाय ताठ करते, पोट जमिनीपासून उचलते आणि चालते. तिचे पूर्वज वीस कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर धावणारे, लांब पायांचे, सडपातळ शिकारी होते. ती चाल अजून तिच्या कंबरेत आहे. पाण्यात उतरून एवढा काळ लोटला, तरी कृष्णेतल्या मगरीला दिवसाचे कित्येक तास काठ लागतो. ऊन खायला लागतो, काठातल्या मातीत खोदलेल्या बिळात दडायला लागतो, आणि सगळ्यात जास्त लागतो तो अंडी घालायला.

पाणमांजराचंही असंच आहे. त्याची बोटं पडद्यांनी जोडलेली, शेपूट वल्ह्यासारखं चपटं, केसांचा थर असा दाट की आत हवा अडकून कातडी कोरडी राहते. तरी झोप, पिल्लं, आंघोळीनंतर अंग घासून कोरडं करणं, सगळं काठावर. कळपाने ठरलेल्या जागी विष्ठा टाकून हद्दीची खूण करायची तीही काठावरच. हेच पाणमांजर सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या खाड्यांत, कांदळवनांतही राहतं. खाऱ्या पाण्यात शिकार करणाऱ्या पाणमांजराला आणखी एक अडचण येते: मीठ केसांत बसलं की केस हवा धरत नाहीत. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची पाणमांजरं म्हणून समुद्रातून निघाली की गोड्या पाण्याच्या डबक्यात जाऊन केस धुतात. जवळ गोडं पाणी नसेल तर तो किनारा त्यांच्या उपयोगाचा नाही.

आता खारपिसोरीकडे येतो. सह्याद्रीच्या माथ्यावर उभ्या असलेल्या पिसोरीपुढे पाण्याच्या दोन वाटा आहेत. पूर्वेला उतरली तर कोयना, मग कराडला कृष्णा, मग सांगली, आणि तिथून कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडून बंगालचा उपसागर. कृष्णेची लांबी सुमारे चौदाशे किलोमीटर. पश्चिमेला उतरली तर चिपळूणजवळ वाशिष्ठी आणि शंभर किलोमीटरच्या आत दाभोळची खाडी. कोयनेचं पाणी माणसाने बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं. पोफळी, अलोरे, कोळकेवाडी करत ते वीज देऊन वाशिष्ठीत पडतं. म्हणजे साताऱ्याच्या पावसाचा मोठा वाटा आज अरबी समुद्राला मिळतो. मी पिसोरीला त्याच दिशेने पाठवलं आहे.

पण समुद्राकडे तिने जावंच का? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त अडला. जंगलात तिला बिबट्या आणि रानकुत्र्यांचं भय आहे, म्हणून ती ओढ्यात बुडी मारते. ओढा मोठ्या नदीला मिळाला की पाण्यात मगर आहे. वाशिष्ठीत आणि खेडच्या जगबुडीत मगरी भरपूर आहेत. पाण्यात लपणारी पिसोरी तिथे मगरीच्याच तोंडी जाईल. उत्तर मला मगरीच्या जिभेत सापडलं. मगरीच्या जिभेवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. ओडिशा आणि अंदमानच्या खाऱ्या पाण्यातल्या मगरीत त्या जोरकस असतात. आपल्याकडच्या मगरीत त्या आहेत, पण तिचं मन गोड्या पाण्यातच रमतं. खाडीच्या मचूळ पाण्यात ती येते, तोंडाकडच्या पुऱ्या खाऱ्या पाण्यात तिचा वावर कमी होत जातो. जमिनीवर बिबट्या, वरच्या पाण्यात मगर; दोघांपासून लांब अशी एकच चिंचोळी जागा उरते, ती म्हणजे खाडीच्या खालच्या अंगाचं कांदळवन. जी पिसोरी मीठ थोडं जास्त सोसू शकेल तिची पिल्लं तिथे जगतील. लाखो वर्षांचं काम करायला एवढा दाब पुरेसा आहे, असं माझं मत आहे.

मीठ सोसायची किंमत मूत्रपिंडं मोजतात. सस्तन प्राण्याला जिभेवर अशा ग्रंथी नाहीत. सगळं मीठ मूत्रातून जायचं. कच्छमधल्या खराई उंटाने हे बऱ्यापैकी जमवलं आहे. तो भरतीच्या पाण्यात पोहत बेटांवर जातो, तिवरांचा खारट पाला खातो, दिवस दिवस तिथेच काढतो. २०१५ साली त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. पण प्यायचं पाणी मिळवायला खराईलाही मुख्य भूमीवर परतावं लागतं. खारपिसोरीला मी तिवरांचा पाला दिला, आणि त्याबरोबर गोड्या पाण्याची गरजही ठेवली. कोकणात डोंगराच्या पायथ्याशी जांभ्या दगडातून झरे पाझरतात आणि खाजणाच्या कडेला गोड्या पाण्याची डबकी होतात. माझी खारपिसोरी रोज तिथे येते.

थंडीचं गणितही चुकवता येत नाही. खाडीचं पाणी आपल्याला कोमट वाटतं, पण सस्तन प्राण्याच्या अंगापेक्षा ते दहाएक अंशांनी थंड असतं, आणि पाणी अंगातली ऊब हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेतं. तीन किलोचं जनावर तासभरात गारठेल. अंग मोठं झालं की वजनाच्या मानाने पृष्ठभाग कमी पडतो, म्हणून खारपिसोरी पंचवीस किलोची केली आहे आणि कातडीखाली चरबीचा थर दिला आहे. परिणामी तिची थिजून उभं राहायची कला गेली, कारण पंचवीस किलोचं जनावर पाचोळ्यात लपत नाही. हाडं इंडोहायससारखी जड झाल्यावर तिचं धावणंही गेलं. अंगावरचे पांढरे ठिपके पुसट होत गेले. चिखलात त्यांचं काम नव्हतं. खूर मात्र मी ठेवले आहेत. पाकिस्तानात सापडलेला अँब्युलोसीटस हा देवमाशांचा पूर्वज मगरीसारखा पाण्यात दबा धरायचा, आणि तरी त्याच्या बोटांच्या टोकाला छोटे छोटे खूर होते. पिसोरीच्या पायाला चार बोटं असतात, मधली दोन मोठी आणि बाजूची दोन लहान. ती फाकली की चिखलात पाय रुतत नाही.

डोळे वर सरकवताना मी मगरीपेक्षा निवट्यांकडे जास्त पाहिलं. ओहोटीला कोकणातल्या कुठल्याही खाडीच्या चिखलावर निवटे उड्या मारताना दिसतात. तो मासा उलट्या दिशेचा प्रवासी आहे, पाण्यातून बाहेर येऊ पाहणारा. त्याचे डोळे डोक्यावर गोट्यांसारखे वर आलेले, अधूनमधून खोबणीत ओढून ओले करून घेतो. एकाच चिखलावर एक जण जमिनीकडे निघालेला आणि एक जण पाण्याकडे, आणि दोघांचे डोळे एकाच जागी सरकलेले: हे चित्र पुस्तकात आहे, आणि ते काढताना मला सगळ्यात जास्त आनंद झाला.

आता उरला तो जन्माचा प्रश्न. पाण्यात परतणाऱ्या प्राण्याची जमिनीशी असलेली सगळ्यात चिवट गाठ हीच आहे. कवचाच्या अंड्यातल्या पिल्लाला कवचातून हवा लागते. अंडं पाण्यात बुडालं तर पिल्लू गुदमरतं. म्हणून समुद्रात दहा कोटी वर्षं काढलेली कासवं आजही वेळासच्या वाळूत अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली नसती, तर तिथली वाळू मोकळीच राहिली असती. अख्खा अरबी समुद्र मोकळा असून उपयोग नव्हता. समुद्री सापांनी ही गाठ सोडवली. बहुतेक समुद्री साप अंडी पोटातच ठेवतात आणि पाण्यात जिवंत पिल्लांना जन्म देतात, मग त्यांना किनाऱ्याची गरज राहत नाही. देवमाशांनीही ती सोडवली. देवमाशाचं पिल्लू बहुधा शेपटीकडून बाहेर येतं आणि पहिल्या श्वासासाठी वर जातं. पण एकदा गाठ सुटली की परतीचा रस्ताही बंद होतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू येऊन अडकलं. लोकांनी, जीवरक्षकांनी, अधिकाऱ्यांनी रात्रंदिवस खपून त्याला पाण्यात ओढून नेलं, तरी ते वाचलं नाही. पाण्याच्या आधाराशिवाय त्या देहाला स्वतःचंच वजन पेलत नाही, आणि उन्हात अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. त्याच्या पूर्वजांनी कधीकाळी चार पायांवर चालून हाच किनारा ओलांडला असेल.

खारपिसोरी अजून अर्ध्या वाटेवर आहे. तिला काठ सोडता येत नाही आणि काठावर राहताही येत नाही. मला या पुस्तकात मुख्य म्हणजे हेच सांगायचं आहे: पाण्यात जाऊ पाहणाऱ्या प्राण्याचं नशीब पाण्यात ठरत नाही, काठावर ठरतं. पाणी कितीही खोल आणि स्वच्छ असो. चार हात कोरडी, न खणलेली माती जवळ नसेल तर त्याची पुढची पिढी होत नाही.

हे मला कृष्णेने शिकवलं. मगर फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान काठाच्या मातीत किंवा वाळूत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते. दोन महिने ती तिथेच राखण करते. अंड्यातून नर निघणार की मादी, हे मातीच्या उष्णतेवर ठरतं. ३२ अंशांच्या आसपास बहुतेक नर होतात, त्याहून थंड मातीत माद्या. पावसाच्या तोंडावर पिल्लं आतून आवाज करू लागली की आई खड्डा उकरते आणि त्यांना जबड्यात धरून पाण्याशी नेते. या सगळ्याला लागतो तो उंच, न हललेला काठ. पण मळीची जमीन कसदार, म्हणून ऊस थेट दरडीच्या कडेपर्यंत आला आहे. वीटभट्ट्यांना पोयटा लागतो, बांधकामांना वाळू लागते, दर काही अंतरावर जॅकवेल आणि पाइप आहेत. नदीत मगरीला पाणी आहे, मासे आहेत. कमी पडतो तो काठ. त्याच काठावर माणसालाही मोटर सुरू करायला, धुणं धुवायला, गुरं पाजायला उतरावं लागतं. या पट्ट्यात मगरीच्या हल्ल्यात माणसं गेली आहेत, लहान मुलंही गेली आहेत. ज्या घरातलं मूल गेलं त्या घरासमोर मगरीचं कौतुक करायचा हक्क कुणालाही नाही. मला वाटतं, उपाय मगरी उचलून दुसरीकडे टाकण्यात नाही. पाणवठ्यांना भक्कम कुंपणं, आणि काठाचे काही तुकडे उन्हाळ्यापुरते तरी मगरीकडे सोडणं, ही दोन्ही कामं एकाच वेळी व्हायला हवीत. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि मगरी शेतांत, वस्त्यांत शिरल्या. खाली बेळगाव जिल्ह्यात तर एक मगर घराच्या छपरावर बसलेली लोकांनी पाहिली. काठ हरवला की मगरही जागा शोधत फिरते, आणि तिला सापडलेली जागा बहुधा आपल्या दाराशी असते.

खाडीचा काठ तर स्वतःच जागा बदलतो. वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता आणि कोकणचा किनारा पश्चिमेला फार लांब होता. तीस लाख वर्षांत असे चढउतार पुन्हा पुन्हा होतील. कांदळवन दर वेळी मागेपुढे सरकेल आणि खारपिसोरीला त्याच्यामागून जावं लागेल. मागे सरकायला जागा मोकळी असेल तरच ते जमेल. कांदळवनाच्या पाठीशी भिंत उभी राहिली तर झाडं आणि जनावर दोन्ही पाण्यात बुडतील.

म्हणून मी तिला पाण्यात जन्म दिलेला नाही. ती सस्तन आहे, पिल्लू जिवंत जन्मतं, म्हणजे पुढे कधीतरी तिच्या वंशजांना ते जमेलही. सध्या मात्र खारपिसोरीची मादी भरतीची सर्वांत वरची खूण ओलांडून, तिवरांच्या मागे, झऱ्याच्या डबक्याजवळच्या कोरड्या पट्ट्यात विते. एकच पिल्लू होतं. ते तासाभरात उभं राहतं, पण आठवडाभर पाण्यात जात नाही. अंगावर चरबी चढेपर्यंत पाणी त्याच्या जिवावरचं आहे. ते आठ दिवस आई दर ओहोटीला चरून येते आणि दर भरतीला त्याला पाजते. पिल्लाच्या अंगावर पांढरे ठिपके असतात, आईच्या अंगावरून गेलेले, कोयनेच्या जंगलातले. पुस्तकातली सगळी चित्रं काढून झाल्यावर मी त्या कोरड्या पट्ट्याचा नकाशा काढला: लांबी, रुंदी, झरा कुठे, तिवरं कुठवर, मगरीची हद्द कुठे संपते. तो नकाशा पहिल्या पानावर घातला आहे, आणि खारपिसोरीचं चित्र त्यानंतर येतं.